एक गळा आणि पियानो

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पियानोचं झाकण उघडलं. आधी त्यावरचे इस्त्रीचे कपडे, क्रांतीच्या गोळ्यांचा डबा, जुनी वर्तमानपत्रं, आमच्या राजवीरचं हेल्मेट — सगळं दिवाणावर हलवलं. झाकण चिकटलं होतं. दोन वर्षं बंद म्हटल्यावर चिकटणारच. सूर उतरलेत, पण सगळे सारखेच उतरलेत. चालेल.

कारण शमशुद्दीन गुरुजी. काल कुरुंदवाडहून एसटीने आले. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पिशवी, पिशवीत पेरू. चौथीत त्यांनी मला मराठी शिकवलं. अजून 'आकाराम, पाठ सरळ कर' म्हणतात — आणि मी करतो! पुढच्या महिन्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. अमीरबी चाचींवर त्यांनी कविता केल्यात, तरुणपणापासून. चाचींना पत्ता नाही. त्यातल्या पाच घेऊन आले होते.

"चाल लाव. शाहिस्ता गाईल." शाहिस्ता म्हणजे त्यांची नात. पुण्याला गाणं शिकून आलीय.

पेटी-तबल्यावर छान होतील, म्हटलं.

"न्हाय. पेटी लावली की भजन हुतंय. तबला लावला की लोक वाहवा कराय लागत्यात. मला दोन्ही नको. एक गळा आणि तुझा पियानो. तिला कळलं पायजे की कोणतरी एकटाच बोलालाय."

पियानो कुरुंदवाडला नेता येणार नाही, म्हटलं. शाळेने नवा कीबोर्ड घेतला तेव्हा हा जुना मला दिला, तर पुढच्या खोलीत आणायला सहा माणसं लागली होती.

"मग आम्हीच येतो की. तुझ्या खोलीत करू."

बरं म्हटलं. गुरुजींना नाही म्हणता येत नाही. आनंद वगैरे काही झाला नाही.

४ नोव्हेंबर

"उघडलासा व्हय?" क्रांतीने विचारलं.

गुरुजींचं काम आहे, म्हटलं.

"बरं." दिवाणावरचे कपडे तिने कपाटात नेऊन ठेवले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उपास. दत्ताच्या फोटोला हार घातला. स्तोत्र म्हटलं. तोंड चालत होतं. पूर्वी म्हणताना मन दुसरीकडं जायचं, त्याची लाज वाटायची. आता दुसरीकडंही जात नाही.

क्रांतीच्या गळ्यातली गाठ काढली त्याला दोन वर्षं झाली. गाठ वाईट निघाली नाही, दत्ताची कृपा. पण अशा जागी होती की आवाज गेला. महिन्याभराने आला तो दुसराच — घोगरा, खालचा. फोनवर अनोळखी लोक तिला 'साहेब' म्हणतात. गाणं संपलं. लग्नापासून वीस-बावीस वर्षं मी वाजवलं आणि ती गायली. रेडिओवर, गणपतीत, लोकांच्या लग्नांत. दवाखान्यातून आल्यावर मी पियानो बंद केला, पेटी माळ्यावर टाकली. तिच्यासमोर सूर काढणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. शाळेत पोरांसाठी वाजवतो, तेवढंच.

यावर ती बोलली नाही. मीही नाही. घरात भांडण नाही. दोघं जेवतो, आपापली ताटं धुतो.

८ नोव्हेंबर

क्रांती दुपारी शिवणक्लास घ्यायला जाते. मी शाळेतून येतो आणि ती येते, यात दोनेक तास मिळतात. तेवढ्यातच बसायचं ठरवलंय.

पहिली कविता आधी नुसती बोलून बघितली. दहा वेळा, वीस वेळा. मराठी बोलताना आपण वाक्याच्या शेवटाला खाली उतरतो. चालही तिथं उतरली.

*तू नदीवरून येतेस*
*तेव्हा वाट ओली होते,*
*मी कोरडाच उभा असतो*
*काठावर.*

'कोरडाच' वर थोडं थांबवलं. बरं वाटलं कानाला. कानालाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तीन गाणी झाली. तिसरी अवघड.

*तुझ्या पिठाच्या हाताचा ठसा*
*दारावर उमटला.*
*घर मी दोनदा रंगवलं,*
*दार नाही.*

एवढीच कविता. चार ओळींत चाल कुठं वाढवायची? वाढवली नाही. आहे तशी ठेवली.

१६ नोव्हेंबर

पाचही झाली. एवढ्या वर्षांनी बसलो आणि एवढं सोपं गेलं! हात आपोआप जागेवर पडत होते. मला वाटलं होतं झगडावं लागेल.

१८ नोव्हेंबर

शाळेत चाचणी परीक्षा. लिहिण्यासारखं काही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शाहिस्ता आली. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, बडबडी. "काका, दादाजी तुम्हालाबी पाठ सरळ कर म्हणत्यात का?" 

पहिलं गाणं सुरू केलं. खालचा भाग छान गायली. वर गेली आणि गळा चिरकला. पाणी प्यायली. पुन्हा गेली, पुन्हा चिरकला.

"काका, ही पट्टी कुठली?"

"काळी पाच."

"मी काळी तीनची, खालची. तुम्ही मला विचारलंच न्हाईत की!"

खरंच नव्हतं विचारलं. वाजवणाऱ्याचं पहिलं काम तेच — गाणाऱ्याचा सा कुठल्या पट्टीवर बसतो ते विचारायचं. गाणं कुठलं, ताल कुठला, हे सगळं नंतर. पाचवीतल्या पोरालाही मी आधी ते विचारतो. आणि पाच गाणी करून मोकळा झालो, ज्या मुलीला गायची आहेत तिला फोनसुद्धा न करता.

"दुसऱ्या कुणासाठी केलतं का?" तिने सहज विचारलं.

"न्हाय. सवयीनं झालं."

जिद्दी आहे. अजून एकदा बघते म्हणाली. मान ताणून, डोळे मिटून वरच्या सुराला लागली होती, तेवढ्यात क्रांती आली. क्लास लवकर सुटला. दारातच उभी राहिली, पिशवी खांद्यावर, गाणं संपेपर्यंत. मग आत जाऊन चहा टाकला. कप देताना शाहिस्ताला म्हणाली, "घसा ताणू नको गं. ते तुझं न्हाय."

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी क्रांती मेथी निवडत होती. मी पेपर वाचत होतो.

"काळी पाच," ती म्हणाली.

"हं."

"पाचीच्या पाची?"

"हं."

"त्या पट्टीत गाणारी बाई आता कुठं हाय? मेली ती. तिच्यासाठी गाणी केलासा. आणि मी हिथं भाजी निवडत बसलोय."

मी म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून तर पियानो बंद ठेवला. हे वाक्य दोन वर्षं माझ्याजवळ तयार होतं. बाहेर आल्यावर फार लहान निघालं.

"मला त्रास?" हसली. तिचं आताचं हसू खोकल्यासारखं येतं. "गळा माझा गेला. तुम्ही कुठं गेलासा?"

 पेपरात उसाच्या दराची बातमी होती. ती परत वाचली. आमच्याकडं ऊस नाही.

२४ नोव्हेंबर

क्रांती पेठ वडगावला गेली, भावाकडे. वहिनीचा हात मुरगळलाय, म्हणाली. कधी येशील विचारलं, तर "बघू." स्टँडवर सोडायला गेलो. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "दूध तापवून ठेवा. नासतंय."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायला हवं होतं असं रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

२५ नोव्हेंबर

दूध नासलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाणी शाहिस्ताच्या पट्टीत उतरवायला घेतली. माझ्या पेटीला त्यासाठी सोय आहे. एक खटका दाबला की सगळ्या पट्ट्या एकदम बाजूला सरकतात. बोटं जिथल्या तिथं, सूर तेवढा बदलतो. आयुष्यभर तेच केलं. बोटांना कधी कळलंच नाही गाणं कुठून कुठं गेलं ते. पियानोला खटका नाही. एकेक सूर उचलायचा आणि खाली आणून ठेवायचा. सवयीने बोट पडतं ते आता चुकीच्या जागी.

आता घरात कोणी नाही, वेळ बघायला नको. दिवेलागणीपर्यंत एकच गाणं झालं. शंभर चुका. पण चुका दिसत होत्या, म्हणजे लक्ष होतं. बऱ्याच दिवसांनी कशात तरी लक्ष होतं.

उपास सोडायचं विसरलो. मग शेंगदाणे खाल्ले.

३० नोव्हेंबर, रविवार

शाहिस्ता. आता गळा मोकळा लागतोय तिचा. दाराचं गाणं तर असं म्हटलं की मी वाजवायचा थांबलो असतो. थांबलो नाही.

संपल्यावर बाटलीचं झाकण फिरवत बसली. "काका, रागावू नका."

"बोल की."

"पियानो माझ्या मागं मागं येतोय. मी दार म्हटलं की तोबी दार. मी श्वास घ्यायला थांबले की तोबी थांबतोय. त्याचं त्याला काय म्हणायचं न्हाय का?"

मी सांगितलं, संगत अशीच असते. गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागं राहायचं. तो चुकला तर झाकायचं. आमच्या भजनी मंडळात शिकवायचे — पेटी वेगळी ऐकू आली म्हणजे वाजवणारा चुकला.

"ते भजनात. तिथं पंचवीस माणसं असत्यात. हिथं दोघंच हायत की."

गेली. तिची बाटली इथंच राहिली.

२ डिसेंबर

भात करपला. वरण बरं झालं.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

वाडीला गेलो, नरसोबाच्या. लहानपणी कुरुंदवाडहून चालत यायचो. आज शाळेला सुटी टाकली. गर्दीत ढकलत ढकलत पादुकांपुढं पोचलो. हात जोडले. मागायला काही सुचेना. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मागून लोक रेटत होते. "चला, पुढं चला."

घाटावर बसलो. पाण्यात उतरलेल्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या. क्रांतीला फोन लावला.

"वाडीत आलोय."

"गर्दी असंल."

"लई."

"जेवलासा?"

"उपास आहे."

"मग पेढं तरी खावा." मग, "माझ्या नावचा नारळ ठेवलासा?"

नव्हता ठेवला. ठेवतो म्हटलं. मग तेच म्हटलं जे सांगायला फोन केला होता — चौदा तारखेला रविवारी गुरुजी येतायत, गाणी आहेत, तू ये.

"आता कुठल्या पट्टीत केलासा?"

"शाहिस्ताच्या."

"बरं केलासा."

येते म्हणाली नाही. नारळ घेतला आणि परत रांगेत उभा राहिलो. या वेळी पादुकांपुढं गेल्यावर तिचं नाव घेतलं. तेवढंच मागणं.

७ डिसेंबर, रविवार

शाहिस्ताचं म्हणणं डोक्यातून जात नाही. त्याचं त्याला काय म्हणायचं न्हाय का?

दाराचं गाणं घेतलं. 'दार नाही' इथं गळा संपतो. मी आजवर तिथंच संपवत होतो, गाणाऱ्याबरोबर. आता विचार केला, गाणं संपल्यावर त्या घरात कोण आहे? तो माणूस. हातात रंगाचा ब्रश, समोर दार. तो काय करत असेल? काहीच करत नसेल. उभा असेल.

तेच वाजवलं. डाव्या हाताचा एकच सूर, सावकाश, परत परत. उजवा हात मांडीवर. किती वेळ ते माहीत नाही. मग उजवा हात वर आला आणि त्याने गाण्याची चाल धरलीच नाही. दुसरंच काहीतरी बोलायला लागला. हे कुठून आलं? मी ठरवलं नव्हतं. मध्ये दोनदा अडखळला, तेही राहू दिलं.

थांबल्यावर बनियन घामाने ओला होता. डिसेंबरात! रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही.

१० डिसेंबर

राजवीरचा पुण्याहून फोन.

"बाबा, आई मामाकडं एवढे दिवस का राहिलीय?"

"मामीचा हात मुरगळलाय."

"तो कधीच बरा झाला. मामी स्कूटी चालवतेय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं काही झालंय का?"

"न्हाय रे. तू जेव वेळेवर."

फोन ठेवला आणि भांडी घासली. घासलेली होती तीसुद्धा.

१३ डिसेंबर

खोली झाडली. शेजारच्या बाळासोंकडून खुर्च्या आणल्या.

"काय, पावणं यायचेत काय?"

"गाण्याचं आहे छोटंसं."

"आरं वा! वहिनी गाणार?"

"न्हाय."

 बाळासोंनी एक खुर्ची स्वतः उचलून आणून दिली.

क्रांतीचा फोन नाही. मीही केला नाही. दोनदा हातात घेतला.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळच्या बसने आली. हातात छोटी पिशवी. एका मुक्कामापुरती. आली ती थेट स्वयंपाकघरात. "साखर कुठं ठेवलासा?"

चारला गुरुजी, चाची, शाहिस्ता आणि त्यांच्या घरातली चार-पाच माणसं. चाची हिरव्या साडीत, गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत खुर्चीत बसल्या. "कशाला आणलंय मला, कोणबी सांगंना! भाषणबिषण असंल तर मी झोपणार बगा." गुरुजी छताकडं बघत होते. चौथीच्या वर्गातल्या पोरासारखे.

"दादी, गाणी हायत. दादाजींनी तुमच्यावर कविता केल्यात."

"माझ्यावर? काय केल्यात?"

"कविता!"

"या अल्ला."

पहिली दोन झाली. चाची कान पुढं करून ऐकत होत्या, चेहऱ्यावर काहीच नाही. मग दाराचं गाणं. शाहिस्ताने 'दार नाही' म्हटलं आणि ती गप्प राहिली, फोनवर ठरल्याप्रमाणे. मी डावा हात चालू ठेवला. मग उजवा आला.  संपलं आणि चाची मोठ्यांदा —

"म्हणून रंगवलं न्हाय व्हय ते दार! आणि मी जलमभर भांडलो, चिक्कू हाय म्हणून!"

सगळे हसले. गुरुजीही हसले, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

पाचवं संपल्यावर चाची त्यांना म्हणाल्या, "तोंडानं सांगाय काय झालतं?"

"तोंडानं सांगितलं असतं तर तू चहाला आधण ठेवलं असतंस."

"ठेवलंच असतं! मग काय बसून राहू?"

क्रांती सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. दाराच्या गाण्यात मी एकटा वाजवत होतो तेव्हा मागं ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला.

सगळे गेल्यावर कप धुताना म्हणाली, "त्या गाण्यात शेवटाला तुम्ही एकटंच वाजवलासा."

"हो."

"तसं कवा वाजवलं न्हवतं."

"न्हाय."

कपांवर फडकं टाकलं. "सकाळी आठची बस हाय," म्हणाली.

थांब म्हणायला हवं होतं. मी बाळासोंच्या खुर्च्या परत द्यायला गेलो. 

१५ डिसेंबर

सकाळी पिशवी भरून दाराशी ठेवली होती तिने. मी विचारलं — तुझ्या आत्ताच्या आवाजात बसवू का एखादं? गाशील?

"न्हाय," म्हणाली. "मला गायचं एवढं कवा आवडलंच न्हाय. कुरुंदवाडात घर माणसांनी भरलेलं. तुमच्याजवळ बसायची सोय कुठं हुती? गाणं म्हटलं की बसाय मिळायचं. कोण काय बोलायचं न्हाय."

मी पियानोपुढं जाऊन बसलो.

आतली खुर्ची ओढत आणली तिने. पियानोला भिडवून ठेवली, माझ्या डाव्या बाजूला. बसली.

"वाजवा की."